लगामापासून लायसनपर्यंत : गाडी कोणी चालवायची?

मोटारसायकलचे लायसन काढणे हा काही इतिहासाचा विषय आहे का, असा प्रश्न आमच्याच काही सहकाऱ्यांनी विचारला. आरक्षण, खासगीकरण, शिष्यवृत्ती, गायरान असे जळते प्रश्न समोर असताना आरटीओच्या फॉर्मवर लेख कशाला? प्रश्न रास्त आहे. पण रिसोड तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये गेल्या काही वर्षांत जे पाहिले, त्यावरून आमचे मत असे झाले आहे की गाडी कोणी चालवायची, कोणाच्या दारावरून चालवायची आणि कोणाच्या परवानगीने चालवायची, हा या देशात कधीच निव्वळ वाहतुकीचा प्रश्न नव्हता. तो जातीचा प्रश्न होता आणि काही ठिकाणी आजही आहे. म्हणून आधी इतिहास सांगतो. फॉर्म कसा भरायचा ते नंतर पाहू.

सुरुवात एका घटनेपासून करतो. आमच्या पट्ट्यातले एक गाव. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. वस्तीतल्या एका पोराने बापाने सोयाबीनच्या हंगामात केलेल्या मजुरीतून आणि बचत गटाच्या कर्जातून जुनी मोटारसायकल घेतली. वय वर्षे एकोणीस. गावातल्या पारावरून जाताना दोघा-तिघांनी त्याला अडवले. खाली उतर, गाडी ढकलत ने, आणि हॉर्न वाजवायचा नाही, असे बजावले. पोराने ऐकले नाही. शिवीगाळ झाली, कानशिलात बसली. तो आमच्याकडे आला, आम्ही त्याला घेऊन तक्रार द्यायला गेलो. तिथे पहिला प्रश्न काय आला? कोणी अडवले, काय बोलले, हे कोणी विचारले नाही. पहिला प्रश्न आला, "लायसन आहे का?"

लायसन नव्हते. पुढचा अर्धा तास फिर्यादीच आरोपी झाल्यासारखा उभा होता. कायद्याच्या दृष्टीने तो प्रश्न गैरलागू होता. ज्याच्याकडे लायसन नाही त्याला जातीवरून मारण्याची मुभा कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. हे आम्ही तिथे भांडून सांगितले. पण पोराचा आवाज खाली गेला होता. घरी परतताना त्याची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, आधी माह्या पोराले लायसन काढून द्या. मंग कोनाच्या बापाले भेत नाही मी."

हा लेख त्या माऊलीच्या वाक्यातून निघाला आहे.

मसूरचे स्टेशन, १९०१

बाबासाहेबांनी आपल्या आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात लिहून ठेवल्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केल्या. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळावे म्हणून त्यांनी काही प्रसंग निवडले. त्यातले दोन ठळक प्रसंग गाडीचे आहेत, याकडे आमचे फारसे लक्ष जात नाही.

पहिला प्रसंग १९०१ चा. रामजीबाबा कोरेगावला कॅशियरच्या नोकरीवर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांकडे निघाली. मुले रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. पत्र न मिळाल्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटक्या कपड्यांवरून स्टेशन मास्तरला ती ब्राह्मणांची पोरे वाटली. पोरांनी निरागसपणे 'आम्ही महार' म्हणून सांगितले आणि मास्तरचा चेहराच बदलला. स्टेशनबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. दुप्पट भाडे देतो म्हटले तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोडगा निघाला. भाडे दुप्पट द्यायचे, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे.

दहा वर्षांच्या पोराच्या हाती लगाम आला तो असा. हौसेने नव्हे, शिकवणीने नव्हे, बहिष्कारातून आला. गाडीवानाला पैसा हवा होता, बैलांना विटाळ नव्हता, गाडीच्या लाकडाला विटाळ नव्हता. विटाळ होता तो फक्त महाराच्या पोरांसाठी कासरा धरण्यात. कारण गाडी हाकणे म्हणजे आत बसलेल्याची सेवा करणे, आणि महाराची सेवा करणे त्याच्या जातीला मान्य नव्हते.

चाळीसगावचा टांगा, १९२९

दुसरा प्रसंग अठ्ठावीस वर्षांनंतरचा. आता तो पोरगा डॉक्टर, बॅरिस्टर आणि मुंबई विधिमंडळाचा सदस्य झाला होता. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीवर बाबासाहेब होते. १९२९ मध्ये धुळ्याकडून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाडा स्टेशनपासून लांब होता. लोकांनी त्यांना बराच वेळ स्टेशनवर थांबवून ठेवले आणि मग एक टांगा आणला. टांगा थोडे अंतर गेला आणि एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या मोरीपाशी चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत कोसळला.

असे का झाले, ते त्यांना मागाहून कळले. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्या नेत्याने पायी यावे हे वस्तीला सहन होईना. पुन्हा तोच मसूरचा तोडगा निघाला. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. मग वस्तीतलाच एक जण लगाम घेऊन बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता.

या प्रसंगावर बाबासाहेबांचे भाष्य आजही अस्वस्थ करते. पाहुण्याचा मान राखण्यासाठी लोकांनी पाहुण्याचा जीवच धोक्यात घातला, हे त्यांनी स्वच्छ लिहिले. त्याच वेळी खरे बोट कुठे दाखवायचे हेही त्यांनी चुकवले नाही. हलकेसलके काम करणारा टांगेवालासुद्धा स्वतःला बॅरिस्टरपेक्षा श्रेष्ठ समजू शकतो, हे बळ त्याला जात देते.

या प्रसंगात 'मेरिट'च्या वादाचे उत्तरही दडलेले आहे. चाळीसगावच्या त्या माणसाला टांगा हाकता येत नव्हता, हे खरे. पण का येत नव्हता? कौशल्य रक्तातून येत नाही, सरावातून येते. सराव करायला घोडा लागतो, टांगा लागतो, रस्ता लागतो आणि चुकण्याची मोकळीक लागते. पिढ्यान्पिढ्या ज्याच्या हाती लगाम येऊ दिला नाही, त्याला एक दिवस अचानक लगाम द्यायचा आणि टांगा उलटला की 'यांना जमत नाही' म्हणायचे, ही मेरिटवाल्यांची जुनी रीत आहे. वैद्यकीय प्रवेशापासून प्राध्यापक भरतीपर्यंत हाच टांगा उलटवला जातो.

रस्ता कोणाचा?

वाहनाशी आणि रस्त्याशी जातीचे हे वैर आकाशातून पडलेले नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम आहेत. वस्ती गावाबाहेर असावी, संपत्ती म्हणून कुत्री आणि गाढवे असावीत, रात्री गावात-नगरात फिरू नये. नीट पाहिले तर हा वाहतुकीचाच कायदा आहे. कोणी कुठे राहावे, कोणता प्राणी बाळगावा आणि कोणत्या वेळी कोणत्या रस्त्याने जावे, हे त्याने ठरवून दिले. घोडा कोणाचा आणि गाढव कोणाचे, याचीही वाटणी त्याने केली.

हाच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. त्या परिषदेला जातानाही वाहनाचा प्रश्न आलाच होता. मुंबईहून निघालेले प्रतिनिधी बाबासाहेबांसोबत 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले. लांबचा मार्ग घेण्याचे कारण साधे होते. मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर दासगावहून महाडपर्यंतचे पाच मैल चालत तरी जाता येईल. मनुस्मृती जाळायला निघालेल्या माणसांना भाड्याची मोटार मिळेल की नाही याचा हिशोब आधी करावा लागत होता.

केरळात हाच लढा त्याआधी झाला. १८९३ मध्ये वेंगानूरच्या अय्यंकाली यांनी सजवलेली बैलगाडी विकत घेतली आणि जे रस्ते पुलया समाजाला बंद होते त्यांवरून ती उघडपणे चालवली. अंगावर आलेल्यांना तोंड दिले. मल्याळी लोक तो लढा 'विल्लुवंडी समर' म्हणून ओळखतात. विल्लुवंडी म्हणजे बैलगाडी. एका बैलगाडीने संस्थानातला रस्त्याचा प्रश्न ऐरणीवर आणला.

जन्म की चाचणी?

आता परवान्याकडे येऊ. मोटार आली तेव्हा जगभर राज्यकर्त्यांपुढे प्रश्न पडला की हे वेगवान यंत्र कोणाच्या हाती द्यायचे. इंग्लंडने १९०३ च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला, पण त्यासाठी चाचणी नव्हती. पैसे भरा आणि परवाना घ्या, असा कारभार होता. सक्तीची चाचणी तिथे १९३५ मध्ये आली. हिंदुस्थानात पहिला देशव्यापी मोटार कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा, आणि आज लागू असलेला मोटार वाहन अधिनियम १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला.

या कायद्याचे कलम ३ सांगते की वैध परवान्याशिवाय कोणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवू नये. कलम ४ वय सांगते. गिअरच्या मोटारसायकलला १८ वर्षे पूर्ण हवीत. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतचे वाहन चालवता येते, आणि तशा गाड्या आज बाजारात जवळजवळ दिसत नाहीत. त्यानंतर शिकाऊ परवाना, सराव, चाचणी आणि पक्का परवाना. चाचणीत आठ आकड्याच्या वळणावर पाय न टेकता गाडी फिरवता येते का, इशारे देता येतात का, ब्रेक सावरता येतो का, एवढेच पाहतात.

यात जातीचा रकाना नाही. लायसनवर नाव असते, जन्मतारीख असते, पत्ता असतो, रक्तगट असतो. रक्तगट यासाठी की अपघात झाला तर कोणाचे रक्त चालेल ते कळावे. ज्या समाजाने सावलीचा विटाळ मानला, त्या समाजात राज्याने दिलेला हा कागद कोणाचेही रक्त कोणालाही चालते असे गृहीत धरतो. आमच्या दृष्टीने हा कागद संविधानाचाच एक छोटा तुकडा आहे. कलम १५ ने रस्त्यासह सार्वजनिक जागा खुल्या केल्या, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम १९ ने देशभर मुक्तपणे फिरण्याचे स्वातंत्र्य दिले. लायसन म्हणजे या तीन कलमांचे खिशात मावणारे रूप आहे.

ज्या सरकारी संगणक प्रणालीतून हे लायसन निघते, तिचे नाव 'सारथी' आहे. महाभारतात सारथ्याच्या घरी वाढलेल्या कर्णाला भर रंगभूमीवर कुळ विचारले गेले आणि सूतपुत्र म्हणून हिणवले गेले. धनुर्विद्येची चाचणी द्यायला तो तयार होता, पण चाचणीच्या आधी जन्म विचारला गेला. आजचा 'सारथी' जन्म विचारतो तो फक्त वय मोजण्यासाठी. हा बदल संविधानाने घडवला, हे विसरून चालणार नाही.

दुसरा परवाना

पण मित्रांनो, या देशात दोन परवाने आहेत. एक आरटीओ देते. दुसरा गाव देते. पहिला खिशात असूनही दुसरा नसेल तर काय होते, त्याची साक्ष खुद्द संसदेने दिली आहे.

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. म्हणजे मोटार वाहन कायद्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी. २०१५ मध्ये संसदेने त्यात मोठी दुरुस्ती केली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली. त्या दुरुस्तीने कलम ३(१) मध्ये 'झेडए' हे उपकलम आले. त्यात काय लिहिले आहे? अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर अथवा वाहनावर बसण्यास अडथळा करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि दंड.

'जात आता कुठे राहिली?' असे विचारणाऱ्यांनी हे उपकलम एकदा वाचावे. अंतराळात याने पाठवणाऱ्या देशाच्या संसदेला एकविसाव्या शतकात 'मोटारसायकल' हा शब्द अत्याचाराच्या कायद्यात घालावा लागला. कायदा हवेत होत नाही. घडत असते म्हणून लिहावे लागते. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा बाळगून त्यावर बसायचा हे गावातल्या काहींना खुपत होते, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेट चालवतो म्हणून एका दलित महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हातांवर वार केल्याची तक्रार झाली, तिघांना अटक झाली. वार हातांवर झाले, यावर विचार करा. मसूरच्या गाडीवानाने जे हात कासऱ्यावर नाइलाजाने पाहिले, तेच हात सव्वाशे वर्षांनी हँडलवर स्वखुशीने दिसले आणि ते सहन झाले नाही.

फटफटी वस्तीत आली

आमच्या वऱ्हाडात मोटारसायकलला जुनी माणसे अजून फटफटी म्हणतात. एके काळी गावात एखादी राजदूत किंवा येझदी असायची, ती पाटलाच्या किंवा सावकाराच्या वाड्यासमोर. पुढे लुना आली, एम-८० आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. कमी पेट्रोलवर चालणाऱ्या या गाड्यांनी खेड्यातले अंतर कमी केले. वस्तीत त्या उशिरा पोहोचल्या. आमच्या आठवणीत वस्तीतली पहिली फटफटी बहुधा मास्तरची नाहीतर एसटीतल्या कंडक्टरची असायची. म्हणजे ती आरक्षणाच्या नोकरीवर आलेली असायची.

रिसोड तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. गाडीवर एमएच ३० आणि जिल्ह्याचे प्रत्येक मोठे काम शंभरेक किलोमीटरवरच्या अकोल्याला. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा झाला, पुढे एमएच ३७ आले आणि अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आले. तरी रोजमजुरीवर जगणाऱ्याला वाशिमची एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी. रिसोडला आजही रेल्वे नाही. केनवड, रिठद, वाकद, मोप, भर जहागीर, हराळ इथली माणसे दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, बाजारासाठी एसटीची वाट पाहतात किंवा कोणाच्या तरी गाडीवर मागे बसतात. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिम आहे. म्हणजे मागे ठेवला गेलेला जिल्हा. अशा ठिकाणी मोटारसायकल ही चैन राहत नाही. आशाताईला रात्री बाळंतिणीकडे जायला ती लागते, पुण्यात डिलिव्हरीचे काम मिळवायला लायसनसकट ती लागते, आणि स्वतःची गाडी असेल तर मजुरीला दुसऱ्या गावच्या मालकाकडे जाता येते. ज्याला गावाबाहेर जाता येते त्याला गावातला मालक वेठीस धरू शकत नाही. खेडे सोडा, असे बाबासाहेब सांगत. ज्याला खेडे कायमचे सोडता येत नाही, तो निदान रोज सकाळी सोडून संध्याकाळी परत येऊ शकतो.

कटू बोलतो, राग मानू नका

इथपर्यंत व्यवस्थेला जाब विचारला. आता स्वतःलाही विचारू.

१४ एप्रिलची रॅली निघते. निळे झेंडे, 'जय भीम'चा गजर, शेकडो गाड्या. छाती भरून येते. पण त्यातल्या किती पोरांकडे लायसन असते? किती जण अठरा वर्षांचे असतात? किती गाड्यांवर तिघे बसलेले असतात? डोक्यावर निळा फेटा असतो, हेल्मेट कोणाकडे असते? नंबरप्लेटवर क्रमांकाऐवजी घोषणा लिहिलेली असते, जे नियमात बसत नाही.

यावर आमचे काही तरुण म्हणतात, "लायसन म्हणजे पोलिसांच्या चिरीमिरीचे साधन. त्यांचे पोर विनालायसन फिरते त्याला कोणी अडवत नाही, आम्हालाच का सांगता?" यातला पहिला भाग खोटा नाही. नाक्यावर कोणाला थांबवायचे आणि कोणाला सोडायचे, हे आडनाव आणि ओळख पाहून ठरते, हा अनुभव आम्हालाही आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. ज्याचा मामा पुढारी आहे त्याला कागद लागत नाही, त्याचा मामाच त्याचा कागद आहे. आपला मामा संविधान आहे, आणि त्याचा फोन लागत नाही, त्याचा कागदच दाखवावा लागतो.

चाळीसगाव आठवा. तिथल्या वस्तीने सन्मानासाठी सुरक्षितता पणाला लावली, कारण जातीने त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवला नव्हता. न शिकलेल्या हाताने लगाम धरला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. आज आपल्यापुढे शिकण्याचा मार्ग आहे. तरीही आपण न शिकलेल्या हाताने, बाबासाहेबांचेच नाव घेत, हँडल धरणार असू तर त्या मोरीवरून आपण काहीच शिकलो नाही.

आणि हा फक्त नीतीचा प्रश्न नाही, पैशाचाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना चालवण्याचा दंड पाच हजार रुपये झाला, आणि आपली गाडी अशा माणसाच्या हाती देणाऱ्या मालकालाही पाच हजार. अल्पवयीन पोराने गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेतमजुराच्या घरात पंचवीस हजार म्हणजे काय, ते सांगायला नको. त्याहून मोठी गोष्ट विम्याची. गाडीच्या मालक-चालकासाठी २०१८ पासून पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे. पण ते मिळण्यासाठी चालवणाऱ्या मालकाकडे वैध लायसन असावे लागते. विम्याचा हप्ता भरलेला असतो, पोरगा जातो आणि लायसन नाही म्हणून आईच्या हाती काहीच येत नाही. ज्या घरात कमावता एकच असतो, त्या घराला हा कागद नसण्याची किंमत पंधरा लाख आहे.

काय करायचे ते सांगतो

त्या माऊलीच्या वाक्यानंतर आम्ही काही जणांनी वस्तीतल्या विहारात रविवारी बसायचे ठरवले. वंदना झाली की एक तास लायसनचा. जमलेल्या अनुभवातून सांगतो.

शिकाऊ परवान्यासाठी महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या साहाय्याने घरबसल्या ऑनलाइन चाचणी देता येते. रस्त्याच्या खुणा आणि नियम यांवर प्रश्न असतात, किमान ६० टक्के बरोबर यावे लागतात. इथे मोठा मोह असतो. कोणीतरी 'सेंटर'वाला म्हणतो, तू फक्त चेहरा दाखव, उत्तरे मी देतो. नको म्हणा. त्या खुणा तुमच्याच जिवासाठी आहेत. वाचता न येणाऱ्यांना आम्ही चित्रे दाखवून शिकवतो. गोलाला लाल कड म्हणजे मनाई किंवा बंधन, त्रिकोण म्हणजे इशारा. एका साठीच्या आजोबांनी त्या तासाला बसून सगळ्या खुणा पाठ केल्या. गाडी नाही त्यांच्याकडे, पण नातवाची परीक्षा घेतात.

केंद्रीय नियमांतल्या शुल्कतक्त्यानुसार शिकाऊ परवान्याचे १५० रुपये आणि चाचणीचे ५० रुपये लागतात. पक्क्या परवान्यासाठी चाचणीचे ३०० आणि परवान्याचे २००. टपाल आणि इतर सेवाशुल्क वेगळे. एका कार्यालयाच्या फाटकाबाहेर आमच्याच पोरांना याच्या कितीतरी पट रक्कम सांगितली गेली आणि 'चाचणी द्यायचीही गरज नाही' असे आमिष दाखवले गेले. चाचणी न देता मिळालेले लायसन म्हणजे १९०३ च्या इंग्लंडात परत जाणे आहे. आणि आमच्यासाठी त्याहून वाईट आहे, कारण 'यांना न शिकता सगळे मिळते' हा आरोप आपणच खरा करून देतो.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. पक्क्यासाठी तीस दिवसांनंतर अर्ज करता येतो. या काळात गाडीला पुढे-मागे लाल अक्षरातला 'एल' लावायचा. मागे मित्राला बसवायचे नाही. शिकवणारा परवानाधारक असेल तरच तो मागे बसू शकतो. सराव मोकळ्या मैदानावर करा. आम्ही चुन्याने आठचा आकडा आखतो आणि पाय न टेकता दहा फेऱ्या झाल्याशिवाय कोणाला चाचणीला पाठवत नाही. तिशीच्या आत पक्के लायसन निघाले तर ते वयाच्या चाळीशीपर्यंत चालते.

शाळा सुटलेल्यांनी घाबरू नये. मोटारसायकलच्या लायसनला शिक्षणाची अट नाही. व्यावसायिक वाहन चालवायला आठवी पासची अट होती, तीही केंद्राने २०१९ मध्ये काढली. ज्यांना शाळेबाहेर ढकलले गेले त्यांच्यासाठी हे दार तरी उघडे आहे.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. पहिल्या रविवारी एकही मुलगी आली नाही. चौथ्या रविवारी तीन आल्या, त्यातली एक बचत गटाचे हिशोब ठेवणारी दोन लेकरांची आई होती. तिला घरातूनच विरोध होता. गाडी शिकली तर कुठे जाईल, हा प्रश्न तिच्या नवऱ्याने विचारला. मसूरचा गाडीवान तरी याहून वेगळे काय म्हणत होता? जो समाज रस्त्यासाठी लढला त्याने आपल्या घरातल्या बाईचा रस्ता अडवू नये. मनुस्मृतीने शूद्रातिशूद्रांसोबत स्त्रियांनाही बांधले होते, आणि महाडला जाळली ती संपूर्ण मनुस्मृती. त्यातली आपल्या सोयीची पाने वगळून नाही.

आणि शेवटची सूचना. रस्त्यात कोणी जातीवरून अडवले तर हात उचलू नका. वेळ, जागा, बोललेले शब्द आणि साक्षीदार लक्षात ठेवा. तक्रारीत कलम ३(१)(झेडए) आणि मोटारसायकलचा स्पष्ट उल्लेख करा. २०१८ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १८ए प्रमाणे या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे ठामपणे सांगा. समोरच्याने पहिला प्रश्न लायसनचा विचारला तर ते टेबलावर ठेवा आणि म्हणा, साहेब, आता माझी तक्रार लिहून घ्या.

ज्या पोरापासून हा लेख सुरू झाला, त्याला पक्के लायसन मिळाले. पहिल्या चाचणीत पाय टेकला म्हणून नापास झाला होता. दुसऱ्या वेळी पास झाला. लायसन टपालाने आले त्या संध्याकाळी तो आईला मागे बसवून, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट घालून, त्याच पारावरून गेला. पारावर माणसे बसली होती. कोणी काही बोलले नाही. वळणावर त्याने नियमाप्रमाणे एकदा हॉर्न वाजवला.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. या तिन्हीत पहिला शब्द 'शिका' आहे. गाडीसुद्धा शिकूनच चालवा.

जय भीम!